जुन्या मराठी फाइलमध्ये अक्षरांऐवजी चिन्हे दिसतात तेव्हा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहून ठेवलेली एखादी मराठी फाइल, मग ते वडिलांचे आत्मवृत्त असो, मंडळाची स्मरणिका असो की सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, आज उघडली की पुष्कळदा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर दिसत नाही. इंग्रजी अक्षरे, कंस, डोक्यावर टिंबे आणि टोप्या असलेले परकीय स्वर आणि चलनांच्या खुणा यांचा काला तेवढा समोर येतो. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. वास्तविक अशा बहुतेक फाइलींना काहीही झालेले नसते. अक्षरांचे क्रमांक जसेच्या तसे शाबूत असतात. त्या क्रमांकांना मराठी रूप देणारा फॉन्ट मात्र नव्या संगणकावर नसतो.

त्यामुळे सर्वांत आधी एक पथ्य पाळावे. फाइलीची प्रत करून ठेवावी, मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ करावी आणि प्रत बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का’ असा प्रश्न आला, तर नाही म्हणावे. फाइल साडेतीन इंची फ्लॉपीवर असेल तर फ्लॉपीच्या कोपऱ्यातील लहान पट्टी सरकवून तिथले भोक उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जात नाही. मग यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून सगळा मजकूर एकदाच संगणकावर उतरवून घ्यावा आणि पुढचे काम त्या प्रतीवरच करावे.

हे पथ्य मी स्वतः एकदा मोडले होते. एका वाचनालयाच्या शताब्दी अंकाची जुनी फाइल माझ्याकडे आली होती. ती उघडल्यावर सगळा मजकूर निवडून मी त्याला ‘मंगल’ हा विंडोजमधला देवनागरी फॉन्ट लावला, काही फरक पडेना म्हणून चिडून फाइल बंद केली आणि बंद करताना सवयीने सेव्हही केली. मजकुरातले मराठी कोणते आणि इंग्रजी कोणते हे सांगणारी एकमेव खूण, म्हणजे प्रत्येक तुकड्याला लावलेल्या फॉन्टचे नाव, त्या एका क्षणात गेली. पुढचे तीन दिवस छापील अंक शेजारी ठेवून इंग्रजी नावे आणि पुस्तकांची शीर्षके हाताने वेगळी काढण्यात गेले. जुन्या मराठी फाइलीत फॉन्टचे नाव ही सजावट नसते, ती मजकुराची किल्ली असते, हे तेव्हा नीट समजले.

किल्ली हरवते कशी

त्या काळातील फॉन्टमध्ये एकूण २५६ घरे असत आणि त्यांपैकी पहिली ३२ संगणकाच्या अंतर्गत कामासाठी राखलेली असत. उरलेल्या घरांत देवनागरीचे स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे बसवायची होती. फॉन्ट करणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती आपापल्या सोयीने बसवली. अक्षरांच्या क्रमांकांसाठी भारतीय मानक होते, १९९१ साली प्रसिद्ध झालेले ‘इस्की’. पण ते माहिती साठवण्याचे मानक होते, फॉन्टमधल्या तुकड्यांच्या मांडणीचे नव्हे. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारे मानक म्हणजे युनिकोड, आणि त्याची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तरी घराघरांतल्या संगणकांत देवनागरी युनिकोड विंडोज २००० आणि त्यानंतर एक्सपीबरोबर पोहोचले, आणि छपाईच्या धंद्याने ते स्वीकारायला त्याहून बराच अधिक वेळ घेतला. मधल्या काळात श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, कृतीदेव आणि पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम प्रणालीतले योगेश, सुरेख असे फॉन्ट चालत होते. संगणकाच्या दृष्टीने या सगळ्यांतला मजकूर इंग्रजीच होता, फक्त त्या इंग्रजी अक्षरांचे चित्र मराठी होते.

उदाहरणार्थ, कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणक पाच इंग्रजी अक्षरे म्हणून साठवतो: ई, जे, के, मोठा बी आणि एच. ‘ई’च्या घरात म, ‘जे’च्या घरात र, ‘के’च्या घरात काना, मोठ्या ‘बी’च्या घरात ठ आणि ‘एच’च्या घरात दीर्घ वेलांटी बसवलेली आहे. हा फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच पाच अक्षरे निव्वळ इंग्रजी म्हणून दिसतात. उलट, ‘द’ हे इंग्रजी उपपद, म्हणजे टी, एच, ई ही तीन अक्षरे, कृतीदेवमध्ये ‘जीम’ अशी दिसतात. जुन्या अहवालात मध्येच ‘जीम’ आढळला तर व्यायामशाळेचा संदर्भ शोधत बसू नये.

बिघाड कोणता, हे आधी ओळखावे

चिन्हे दिसणे हे एकच लक्षण असले तरी त्यामागची कारणे निराळी असतात आणि उपायही निराळे.

इंग्रजी छोटी-मोठी अक्षरे, कंस, उभ्या रेघा आणि टोपीवाले स्वर यांचे मिश्रण असेल आणि शब्दांच्या लांबीवरून, परिच्छेदांवरून, शीर्षकांच्या जागेवरून मजकुराची ठेवण ओळखू येत असेल, तर तो वर सांगितलेला जुना फॉन्ट आहे. हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत आशादायक प्रकार होय.

तिरपी रेघ डोक्यावर असलेला छोटा ए आणि त्याला लागून कधी चार पाय फुटलेले वर्तुळ, कधी जपानी येनची खूण, ही जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर मुळात युनिकोडच आहे आणि तो चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. त्यांतील पहिले दोन बाइट जवळजवळ नेहमी तेच असतात आणि पाश्चात्त्य अक्षरतालिकेत त्यांचे रूप हेच दिसते. येथे फॉन्ट शोधण्यात अर्थ नाही. फाइल नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकात उघडून एन्कोडिंग, म्हणजे बाइटांवरून अक्षरे ओळखण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडले की मराठी दिसू लागते. मात्र हा काला कोणी तसाच चिकटवून पुन्हा सेव्ह केलेला असेल, तर प्रवास उलटा करावा लागतो: मजकूर पाश्चात्त्य विंडोज एन्कोडिंगमध्ये साठवायचा आणि यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडायचा. या उलट्या प्रवासात पाय मोडण्याची खूण गळण्याची शक्यता असते, कारण तिचा तिसरा बाइट, क्रमांक १४१, त्या पाश्चात्त्य तालिकेत रिकामाच ठेवलेला आहे. परिणामी जोडाक्षरे सुटी होतात आणि ‘पुस्तक’चे ‘पुसतक’ होते. ती हाताने जोडावी लागतात.

सगळीकडे रिकामे चौकोन दिसत असतील तर धीर धरावा, अक्षरे आहेत, त्यांचे चित्र तेवढे नाही. सगळीकडे प्रश्नचिन्हे असतील तर मात्र त्या फाइलीत शोधण्यासारखे काही उरलेले नसते, कारण युनिकोड मजकूर कोणीतरी जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरीच प्रश्नचिन्ह लिहिले गेले. तेव्हा दुसरी प्रत, ईमेलला जोडलेली फाइल किंवा छापील कागद शोधावा.

चौथे कारण फाइलीच्या जातीचे. प्रत नोटपॅडमध्ये उघडून अगदी सुरुवातीची अक्षरे पाहावीत. महिरपी कंस, उलटी तिरपी रेघ आणि ‘आरटीएफ’ असे दिसले तर ती रिच टेक्स्ट फाइल आहे. ‘पीके’ ही दोन अक्षरे दिसली तर ती झिप बांधणीची, म्हणजे डॉक्स किंवा ओडीटी फाइल आहे. ही अक्षरे झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत. एका विचित्र अक्षरामागे ‘डब्ल्यूपीसी’ असेल तर ती वर्डपरफेक्टची. इंग्रजी मजकूर बराचसा वाचता येतो, पण प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर तेवढे विचित्र दिसते, असे असेल तर ती वर्डस्टारची, कारण वर्डस्टार शब्दाच्या अंत्य अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवत असे. वर्डपरफेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्क्स आणि जुन्या मॅकिंटॉशवरील अनेक फाइली मोफत मिळणारे लिब्रेऑफिस उघडते; पेजमेकरच्याही उघडते, आणि महाराष्ट्रातल्या डीटीपी केंद्रांचा जुना ऐवज पेजमेकरमध्येच पडून असल्यामुळे हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड ९५ किंवा त्याआधीची फाइल आजचे वर्ड सुरक्षेच्या कारणाने अडवते. ‘ट्रस्ट सेंटर’मधील ‘फाइल ब्लॉक सेटिंग्ज’मध्ये तेवढ्यापुरती सवलत द्यावी आणि काम झाले की ती काढून घ्यावी.

फाइल अर्धवट उतरली असेल किंवा वर्ड ती उघडायलाच तयार नसेल, तर ‘ओपन’च्या खिडकीत फाइलींच्या प्रकारांच्या यादीत ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ हा पर्याय असतो. त्याने मजकूर निघतो, पण फॉन्टची नावे जातात. म्हणून तो शेवटचा उपाय समजावा.

फॉन्टचे नाव शोधणे

वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला की वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव दिसते आणि फॉन्ट संगणकावर नसला तरीही मूळ नावच दिसते. मराठी मजकुरावर, शीर्षकावर, तक्त्यात आणि तळटीपेत असे चार-पाच ठिकाणी पाहावे, कारण त्या काळी शीर्षकाला एक फॉन्ट आणि मजकुराला दुसरा, ही सर्रास पद्धत होती. ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ असे बटण आहे. ते दाबले की फाइलीत वापरलेल्या पण संगणकावर नसलेल्या सगळ्या फॉन्टची यादी मिळते. आरटीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आरंभीच फॉन्टची यादी असते.

नाव अचूक लिहून घ्यावे, आकड्यांसकट. श्रीलिपीच्या नावातील अंक आणि सी-डॅकच्या फॉन्टमधील ‘डीव्ही-टीटी’ आणि ‘डीव्हीबी-टीटी’ हा फरक किरकोळ दिसतो, पण त्यातला ‘बी’ द्वैभाषिक फॉन्टचा असून दोहोंतली अक्षरांची मांडणी वेगळी आहे. एकाचे रूपांतरक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारे साधन, दुसऱ्याला लावले तर अर्धी अक्षरे बरोबर आणि अर्धी चूक येतात, आणि हे पूर्ण चुकण्यापेक्षा अधिक त्रासाचे असते.

नाव कळल्यावर फॉन्ट मिळवावा. ज्या संगणकावर फाइल तयार झाली तो अजून माळ्यावर असेल, तर त्याच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरसारखी दुसरी जागा नाही. ज्या डीटीपी केंद्राने काम केले त्यांच्याकडे परवाना असलेली प्रत असते आणि तेथे अर्ध्या तासाचे काम करून घेणे पुष्कळदा सोपे पडते. फॉन्ट बसवून वर्ड पुन्हा सुरू केले की मजकूर आपसूक मराठीत दिसतो. फाइल फक्त वाचण्यासाठी किंवा छापण्यासाठी हवी असेल, तर येथेच तिची पीडीएफ करून थांबता येते, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो. पुढे शोधता यावी, दुरुस्त करता यावी, फोनवर पाठवता यावी असे वाटत असेल, तर मात्र मजकूर युनिकोडमध्ये नेला पाहिजे.

रूपांतर

श्रीलिपी आणि आकृती यांच्या निर्मात्यांची स्वतःची रूपांतरके आहेत, मायक्रोसॉफ्टने भारतीय भाषांसाठी टीबिल कन्व्हर्टर काढले होते, आणि ब्राउझरमध्ये चालणारी, एका चौकटीत मजकूर चिकटवून दुसऱ्या चौकटीतून उचलण्याची साधनेही पुष्कळ आहेत. खरेदीखत, मृत्युपत्र किंवा आजारपणाची टिपणे अशा अनोळखी चौकटीत चिकटवू नयेत. त्यांच्यासाठी संगणकावर बसवून चालणारे साधनच वापरावे.

रूपांतरकाचे खरे काम अक्षरे बदलण्यापेक्षा त्यांची जागा बदलण्याचे असते. कृतीदेवमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द आठ कळांत येतो: एफ, ओ, उभी रेघ, के, मोठा एफ, के, एच आणि शेवटी मोठा झेड. पहिला ‘एफ’ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, कारण ती डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते. शेवटचा मोठा ‘झेड’ म्हणजे रफार, कारण तो टंकलेखकाच्या सवयीप्रमाणे अक्षर पूर्ण झाल्यावर डोक्यावर ठेवायचा. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: व, वेलांटी, द, पाय मोडण्याची खूण, य, काना, र, पाय मोडण्याची खूण, थ आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे वेलांटीला एक अक्षर पुढे आणि रफाराला संपूर्ण ‘थी’ ओलांडून मागे न्यायचे असते. रूपांतरक कच्चे असेल तर ‘िवद्याथीर्’ असा शब्द हाती येतो. अशा तीन-चार शब्दांची परीक्षा आधी घ्यावी आणि ती उतरली तरच सगळी फाइल द्यावी. माझ्या परीक्षेत ‘विद्यार्थी’, ‘कर्तृत्व’, ‘दऱ्या’, ‘बाळ’ आणि ‘ऑफिस’ हे शब्द असतात. शेवटचे तीन मुद्दाम, कारण हिंदीसाठी केलेली रूपांतरके ळ, दऱ्यांतला अर्धा ऱ आणि अर्धचंद्र यांच्यापाशी अडखळतात.

सगळी फाइल एकगठ्ठा रूपांतरकात घालू नये, नाहीतर तिच्यातली इंग्रजी नावे आणि पत्ते ‘जीम’च्या वाटेने जातात. वर्डच्या ‘फाइंड’मध्ये शोधायचा शब्द रिकामा ठेवून केवळ फॉन्ट निवडता येतो, त्यामुळे एका फॉन्टमधला सगळा मजकूर एकदम निवडला जातो आणि इंग्रजीला धक्का लागत नाही. याच कामात वर्डचा ‘ऑटोकरेक्ट’ बंद ठेवावा. वाक्यारंभीचे अक्षर मोठे करणे आणि सरळ अवतरणचिन्हे वाकडी करणे या त्याच्या सवयी इंग्रजीत निरुपद्रवी असतात, पण येथे प्रत्येक इंग्रजी अक्षर हे एक मराठी अक्षर असते. छोटा ‘के’ म्हणजे काना, आणि तोच मोठा झाला की काना राहत नाही.

आणखी एक अडचण अशी की काही फॉन्ट स्वतःला ‘चिन्हांचा फॉन्ट’ म्हणून जाहीर करतात आणि वर्ड त्यांची अक्षरे साठवताना प्रत्येक क्रमांकात ६१४४० मिळवते. असा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवला की निव्वळ चौकोन दिसतात आणि रूपांतरक तो जसाच्या तसा परत करते. हा मजकूर यूटीएफ-८ साध्या फाइलीत साठवून तेवढा आकडा प्रत्येक अक्षरातून वजा करावा लागतो. प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्या कोणालाही ते चार-पाच ओळींचे काम आहे.

डॉसच्या काळात संगणकात जिस्ट कार्ड, म्हणजे भारतीय लिप्या दाखवणारे जोडपत्र, लावून लिहिलेली फाइल असेल तर ती बहुधा इस्कीमध्ये असते. तिच्यात क्रम उच्चाराचाच असल्याने रूपांतर सोपे आहे: विंडोजने इस्की देवनागरीला ५७००२ हा संकेतक्रमांक दिलेला आहे आणि तो क्रमांक सांगून फाइल वाचली की मजकूर सरळ युनिकोडमध्ये येतो.

रूपांतरक कोठेही मिळाले नाही, पण फॉन्ट मिळाला, असेही होते. तेव्हा मजकूर मोठ्या आकारात पीडीएफ करावा, पानांच्या ३०० डीपीआय प्रतिमा काढाव्यात आणि त्या टेसरॅक्टसारख्या मोफत अक्षर-ओळख प्रणालीला मराठी भाषा निवडून द्याव्यात, किंवा गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडाव्यात. संगणकावरून थेट काढलेले पान स्वच्छ असल्यामुळे निकाल जुन्या पुस्तकाच्या स्कॅनपेक्षा कितीतरी चांगला येतो. तक्ते मात्र विस्कटतात.

रूपांतरानंतरची तपासणी

डोळ्यांना बरोबर दिसणारा मजकूर आतून बरोबर असेलच असे नाही. जुन्या फॉन्टमध्ये ओकार हा काना आणि मात्रा असा दोन तुकड्यांत लिहिला जाई आणि आळशी रूपांतरक ते दोन तुकडे तसेच ठेवते. ‘हाेते’ आणि ‘होते’ हे दोन शब्द पडद्यावर एकसारखे दिसले, तरी ‘होते’ शोधल्यावर पहिला सापडत नाही. म्हणून ‘फाइंड ॲण्ड रिप्लेस’ वापरून काना-मात्रा अशी जोडी शोधून तिच्या जागी ओकार घालावा, काना आणि दोन मात्रांच्या जागी औकार घालावा, ‘अ’ला सुटा काना लागला असेल तेथे ‘आ’ घालावा. ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून केलेल्या अक्षराच्या जागी ‘ॲ’ घालावा. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या रूपांतरकांना तो ठाऊकच नाही. त्यानंतर मोकळी जागा आणि तिला लागून ऱ्हस्व वेलांटी अशी जोडी शोधावी. ती जेथे सापडेल तेथे वेलांटी चुकीच्या बाजूला राहिलेली असते. शब्दाच्या अखेरीस पाय मोडलेला ‘र’ सापडला तर तो बहुधा घर चुकलेला रफार असतो.

आकडे, तारखा आणि आडनावे यांची तपासणी शोधयंत्रणेवर सोपवू नये. शुद्धलेखन-तपासनीस ‘१९८७’ आणि ‘१९८१’ यांत फरक करत नाही आणि त्याला आडनावे कळत नाहीत. छापील प्रत उपलब्ध असेल तर एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे, ही मुद्रितशोधनाची जुनी रीत येथे फार उपयोगी पडते. छापील प्रत नसेल तर जुना फॉन्ट लावलेली पीडीएफ शेजारी उघडून तीच प्रमाण मानावी.

काम पुरे झाल्यावर चार गोष्टी एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात: हात न लावलेली मूळ फाइल, मूळ फॉन्टमधली पीडीएफ, युनिकोडमधली नवी फाइल आणि कोणता फॉन्ट होता, कोणते रूपांतरक वापरले, कोणत्या पानांवर शंका उरली आहे हे सांगणारे एक छोटे टिपण. वाचनालयाच्या त्या अंकाच्या टिपणात आजही दोन नोंदी आहेत: पान ४२ वरील देणगीदाराचे आडनाव नक्की झालेले नाही, आणि पान ६७ वरील तक्त्याचा शेवटचा रकाना मूळ फाइलीतच नाही.